हिवाळे सरांचा खो

मागच्या महिन्यात ऑफिसात माझं जरा हसं झालं. मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत काम करते. पतसंस्था, दवाखाने, किराणा दुकानं अशा ठिकाणी आमचं सॉफ्टवेअर बसवलं की तिथल्या माणसांना ते वापरायला शिकवणं हे माझं काम. त्या दिवशी नव्याने लागलेली एक मुलगी माझ्याशेजारी बसून शिकत होती. एका ठिकाणी ती अडली. पलीकडच्या टेबलावरचा सहकारी उठला, "दे इकडे, मी करतो," म्हणाला आणि त्याने तिच्या हातातून माऊस घेतला. माझ्या तोंडून एकदम मोठ्याने निघालं, "फाऊल! खो मिळायच्या आधी उठलास कसा?"

सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. "तुमच्याकडे असं म्हणतात का?" सहकाऱ्याने हसत विचारलं. माझ्या बोलण्यात वऱ्हाडी कुठे डोकावलं की तो हा प्रश्न हमखास विचारतो. मीही हसून "हो" म्हटलं. खरं म्हणजे आमच्याकडेही असं कुणी म्हणत नाही. असं म्हणणारा एकच माणूस मला माहीत आहे. संग्रामपूर तालुक्यात, वरवट बकालच्या अलीकडे आमचं गाव आहे. तिथल्या शाळेतले पीटीचे हिवाळे सर.

सर उंच, काटक आणि उन्हाने रापलेले. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. ते मळले की सर फळ्याचा खडू ओला करून त्यावर फिरवत, त्यामुळे ते चालत गेले की वऱ्हांड्यात पांढुरके ठसे उमटत आणि सर कुठे आहेत ते शोधायला कुणाला विचारावं लागत नसे. गळ्यात काळ्या नाडीला अडकवलेली शिट्टी. ती मैदानापुरती नव्हती. लग्नाच्या पंगतीत ती गळ्यात असे. कुणाकडे दुखवट्याला गेले तर शर्टाच्या आत टाकत, पण काढत नसत. एस.टी. थांबवायला त्यांनी कधी हात दाखवला नाही, शिट्टी मारली. शेगावच्या गाडीचे ड्रायव्हर ती शिट्टी ओळखत आणि फाट्याच्या पुढे गेलेली गाडीसुद्धा मागे घेत.

आणखी एक गोष्ट म्हणजे सरांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत त्यांची खुर्ची होती, तिच्यावर खो-खोच्या खांबांची गवसणी पडलेली असे. चहा उभ्याने, डबा उभ्याने, एस.टी.त जागा रिकामी असली तरी ड्रायव्हरच्या मागच्या दांड्याला धरून उभे. सायकल होती, तीही हातात धरून चालायचे. कुणी म्हटलंच, "सर, बसा ना हो," तर ठरलेलं उत्तर यायचं, "पंच बसत नसते."

खो-खो हे सरांचं सर्वस्व होतं. पण त्यांची शिकवण उलटी होती. आम्हाला वाटायचं, खेळ म्हणजे पळणं. सर म्हणायचे, "पळणारा त निस्ता पळते लेकहो. खेळते थो बसलेला. त्याच्या पाठीवर कवा हात पडीन, त्याले मालूम नाही. तरी त्यानं तयार राह्यलं पाह्यजे. आन हात पडाच्या आंधी उठलं नाही पाह्यजे." खो मिळण्याआधी उठणं हा खेळात फाऊल असतो. सरांना तो सगळ्यात वाईट फाऊल वाटायचा. दुसऱ्याला ढकललं तर ते नुसते रागवायचे, पण लवकर उठलेल्या मुलाला ते मैदानाबाहेर बोलावून, खाली वाकून, अगदी दुःखाने विचारायचे, "काऊन बे, भरोसा नाही का तुले? आला असता ना खो."

आमच्या शाळेत एक कॉम्प्युटरची खोली होती. कुठल्याशा बँकेने आपली जुनी यंत्रं बदलली, त्यातली सहा शाळेला मिळाली होती. मी आठवीत जाईपर्यंत त्या खोलीचं कुलूप फक्त पंधरा ऑगस्टला झाडण्यासाठी उघडे. आत सगळ्या यंत्रांवर फुलाफुलांची प्लॅस्टिकची आवरणं, आणि दारावर पाटी: कशालाही हात लावू नये. खोली सांभाळणाऱ्या विज्ञानाच्या सरांची बदली झाली, तेव्हा मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, हिवाळे सरांना म्हणाले, "तुमच्याकडे तास कमी आहेत. किल्ली तुम्ही ठेवा."

सरांना कॉम्प्युटर सुरू कुठून करतात हेही ठाऊक नव्हतं. पण किल्ली मिळाली त्या दिवशी त्यांनी पहिलं काम केलं ते पाटीचं. रॉकेलचा बोळा घेऊन ती पुसली आणि मैदान आखायच्या चुन्याने तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: हात लावा.

त्यामागची गोष्ट त्यांनी आम्हाला पहिल्याच तासाला सांगितली. तालुक्याला कसलातरी ऑनलाइन अर्ज भरायला ते गेले होते. तिथल्या सेवा केंद्राचा चालक पोरसवदा होता. सर पडद्यावरचं आपलं नाव बरोबर आहे का ते बघायला जरा वाकले आणि बोटाने दाखवू लागले, तर तो म्हणाला, "काका, लांबून बोला. हात लावू नका." सर ही गोष्ट हसत सांगायचे. त्या पोराची नक्कलही छान करायचे. पण शेवटी शिट्टीची नाडी बोटाभोवती गुंडाळत म्हणायचे, "तुमाले असं कोणी म्हनलं नाही पाह्यजे. दहावी होऊन जाईन तवा या शायेतल्या एकूण एक पोट्ट्याचा हात याच्यावर पडेल असला पाह्यजे. बस, मंग माही सुटी."

मग त्यांनी शिट्टी वाजवली आणि आदल्याच दिवशी शिकून घेतलेलं कॉम्प्युटरचं बटण दाबलं.

सहापैकी दोनच यंत्रं धड चालली. वर्गात आम्ही साठेक मुलं. सरांचा भाचा खामगावला राहायचा, तो त्यांना रविवारी जेवढं शिकवे तेवढं सर सोमवारी आम्हाला शिकवत. टायपिंगने मुलं कंटाळतात असं भाच्याच्या कानावर घातल्यावर त्याने पेन ड्राइव्हवर एक खेळ दिला. नव्याने शिकणाऱ्यांसाठी केलेला, साधा. दिसायला मुद्दाम जुनाट. माणसं, झाडं, घरं सगळी मोठमोठ्या चौकोनी ठिपक्यांची. त्यामुळे आमच्या म्हाताऱ्या यंत्रांना तो पेलवला.

खेळ असा होता. पडद्यावर हिरवं रान. त्यात तुमचं एक घर, एक विहीर आणि थोडी निळी माणसं. त्यांच्याकडून झाडं तोडून घ्यायची, शेतं करायची, दाणे साठवायचे, त्यातून आणखी माणसं आणि भालेवाले तयार करायचे. रानाच्या दुसऱ्या टोकाला लाल माणसं हेच करत असतात आणि केव्हातरी चालून येतात. यात बुद्धिबळासारखी पाळी नसते. तुम्ही विचार करत बसलात तरी लाल थांबत नाही. आम्ही कामकरी माणसांना सालदार म्हणू लागलो, शेताला वावर, आणि लाल तो लालच.

दोन यंत्रं आणि साठ मुलं, यावर सरांनी काढलेला मार्ग त्यांनाच सुचू शकत होता. एका यंत्रावर चौघांचा संघ. एक स्टुलावर, माऊस त्याच्या हाती. बाकीचे तिघे मागे रांगेत खाली बसलेले. माऊसवाल्याने वाटेल तेव्हा उठायचं, रांगेतल्या एकाच्या मागे जाऊन पाठीवर हात मारायचा, "खो" म्हणायचं आणि त्याच्या जागी बसायचं. ज्याला खो मिळाला त्याने धावत जाऊन माऊस धरायचा. तोवर लाल काय करतो ते करो.

इथपर्यंत ठीक होतं. पण खो-खोत एकाचं तोंड इकडे आणि पुढच्याचं तिकडे असतं. सरांनी हयातभर तशीच रांग बसवली होती, त्यामुळे इथेही तशीच बसवली. एक पडद्याकडे तोंड करून, त्याच्या दोन्ही बाजूंचे दोघे पाठमोरे.

सरांनी शिट्टी मारली. खेळ सुरू झाला. आमच्या संघातली अश्विनी पाठमोरी होती. अश्विनी म्हणजे हजेरीला "हजर" म्हणायची तेही कुणाला ऐकू येत नसे. ती हळूच म्हणाली, "सर, मले त भितच दिसते."

सरांच्या चेहऱ्यावर त्यांची चूक त्यांना कळल्याचं स्पष्ट दिसलं. वर्ग फिस्सकन हसला. पण शिट्टी वाजून गेली होती, आणि शिट्टी वाजल्यावर निर्णय फिरवणं सरांच्या स्वभावात नव्हतं. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "हाव. दिसत नाही त कान दे. आन ए शुभम, तू कायले तोंड शिवून खेळून राह्यला? तुह्या पाठीमांगच्याले कसं मालूम पडीन काय चालू हाय? बोलत बोलत खेळ!"

असा आमच्याकडे तो खेळ बोलत बोलत सुरू झाला. "दोन सालदार झाडाकडे गेले. एक रिकामा हाये. वावर पिकलं. लाल दिसला, हिरीच्या बाजूनं!" माऊसवाल्याने सगळं सांगायचं, पाठमोऱ्यांनी ते डोक्यात मांडायचं आणि खो मिळाला की वळून थेट कामाला लागायचं. जो मुलगा नीट सांगत नसे त्याच्यानंतरचा गडबडून जाई आणि मग मधल्या सुटीत त्यावरून भांडणं होत. "तू सांगतलं का मले सालदार रिकामा हाये म्हणून?" "सांगतलं ना बे!" "मनात सांगतलं असन!" महिनाभरात अश्विनीचा आवाज बाहेर मैदानापर्यंत यायला लागला. तिला खेळायचंच इतकं होतं की बोलायला लाजते हे ती विसरून गेली.

आम्ही खेळात मार मात्र सपाटून खायचो. त्याचं कारण सरांच्या भाच्यालाही सापडेना. एकदा तो मुद्दाम आला आणि मागे उभा राहून बघत होता. मग कपाळावर हात मारून म्हणाला, "मामा, हे दोन वावरांच्या मधात जागा काऊन सोडून राह्यले?"

आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे आश्चर्याने पाहिलं. शुभम म्हणाला, "धुरा नोको का सोडाले?"

दोन शेतांच्या मध्ये बांधाची पट्टी असते, तिला आमच्याकडे धुरा म्हणतात. तो न सोडता शेत कसं करायचं हे आमच्या कुणाच्या डोक्यातच येत नव्हतं. ज्या गावात धुऱ्यावरून भाऊ भाऊ बोलायचे बंद होतात, तिथली मुलं आम्ही. खेळात शेतांना शेतं चिकटवायची असतात, म्हणजे मध्ये फट राहत नाही. आम्ही प्रत्येक वावराला धुरा ठेवत होतो आणि लाल त्या धुऱ्याने एकामागून एक ऐटीत चालत थेट आमच्या घरात येत होता.

"मिटवा थे धुरे," भाचा म्हणाला.

"आन मंग कोणाचं वावर कोनतं, कसं समजन?" अश्विनीने विचारलं.

"सगळी तुमचीच आहेत ना!"

यावर अश्विनीचं समाधान झालं नाही. सरांनीही तिचीच बाजू घेतली. "राहू दे गा," ते भाच्याला म्हणाले. "हरतीन त हरतीन. धुरा ठेवून कसं जिकाचं, थे पाहू." भाचा त्या दिवशी जेवायलाही थांबला नाही.

सर स्वतः मात्र कधी खेळले नाहीत. आम्ही किती आग्रह केला तरी "पंच खेळत नसते" एवढंच म्हणत. मागे उभे राहून ते आमच्यापेक्षा जास्त घामाघूम व्हायचे. लाल आला की त्यांचे खांदे हलायचे, एक पाय पुढे पडायचा, हात अर्धवट माऊसकडे जायचा आणि मग ते तो हात शिट्टीवर नेऊन ठेवायचे.

दिवाळीच्या सुटीआधी संकट आलं. मुलांच्या खिचडीसाठी येणारा तांदूळ ठेवायला शाळेत जागा नव्हती. वऱ्हांड्यातल्या पोत्यांना ओल लागत होती. त्यात गावातल्या दोघातिघांनी मोठ्या सरांकडे तक्रार केली, की कॉम्प्युटरच्या खोलीत पोरं खो खो म्हणून ओरडतात आणि गेम खेळतात. मोठ्या सरांनी हिवाळे सरांना वऱ्हांड्यातच गाठलं. आम्ही तिथेच रांगेत उभे होतो.

"हिवाळे, शनिवारी आबासाहेब येऊन राहिले," ते म्हणाले. आबासाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. "त्यांची सही घेतो. खोलीत पोती लागतील. यंत्रं गुंडाळून ठेवा."

"सर, पाचवीवाल्यायची पाळी दिवाळीनंतर हाये," हिवाळे सर म्हणाले. "मी त्यायले कबूल केलं."

"पाचवीच्या पोरांना काय घाई आहे?"

"घाई नाही," सर म्हणाले. "थे बसून हायेत रांगेत. त्यायले अजून खो भेटला नाही."

मोठे सर वाईट नव्हते. त्यांच्यापुढे ओला होणारा तांदूळ होता. ते म्हणाले, "शनिवारी आबासाहेबांना दाखवा काय दाखवायचं ते. ते हो म्हणाले तर माझी ना नाही."

शनिवारी सरांचे बूट इतके पांढरे होते की खडूचे पापुद्रे निघत होते. आबासाहेब जीपमधून उतरले आणि आमचं सगळ्यांचं अवसानच गेलं. त्यांच्या डोळ्यांवर मोठा काळा चष्मा होता. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. चुन्याची पाटी त्यांनी हाताने चाचपली, बोट पांढरं झालं तसं धोतराला पुसलं आणि दारातूनच म्हणाले, "मास्तर, काय दाखवता मले? डॉक्टरनं टीव्हीकडे पाहाले बंदी केली. डोयात उजेड जाऊ द्याचा नाही."

मोठ्या सरांनी कागद पुढे केला. "तर मग सही तेवढी..."

"आबासाहेब," हिवाळे सर एकदम म्हणाले, "मंग तुमची जागा पाठमोरी."

"काय?"

"पडद्याकडे पाठ करून बसा. उजेड जाईन कसा?"

आबासाहेबांना काही कळायच्या आत त्यांच्यासाठी खुर्ची आली आणि ती आमच्या रांगेत, पाठमोऱ्या जागेवर ठेवली गेली. मी त्यांच्या शेजारी होते. त्यांच्या अंगाला अत्तराचा आणि तंबाखूचा वास येत होता. त्यांच्या पुढे भिंत. मागे स्टुलावर अश्विनी. सरांनी शिट्टी मारली.

"आबा, आपलं एक घर हाये," अश्विनीचा आवाज आला, खणखणीत. "डाव्या हाताले झाडी. मांगं हीर. पाच सालदार हायेत. तीन झाडाकडे धाडू का दोन?"

आबासाहेबांनी हातातल्या काठीवर हनुवटी टेकवली. मग म्हणाले, "पाणी कुठी हाये म्हनलं?"

"मांगं. हिरीचं."

"त मंग झाडी राहू दे. आंधी वावर कर. सालदार खातीन काय?"

"करून राह्यली. एक झालं. दुसरं करू?"

"धुरा सोडला का?"

खोलीत कुणी हसलं नाही, पण हिवाळे सरांनी डोळे मिटून घेतले. "सोडला आबा," अश्विनी म्हणाली. "पण त्याच्यावरूनच लाल येते दरवेळी."

"कोण लाल?"

अश्विनीने सांगितलं. आबासाहेबांनी काळा चष्मा भिंतीकडे रोखला. त्यांनी काठी जमिनीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी हवेत शेतं आखायला लागले. इथे वावर, इथे वावर, मधात धुरा. "येऊ दे त्याले," ते म्हणाले. "धुऱ्यावरून माणूस जाईन त एकामांगं एकच जाईन ना? दुसरी वाटच ठेवू नोको. सगयीकडे वावरं कर आन धुरा एकच ठेव. आन त्याच्या तोंडाशी भालेवाले उभे कर. किती हायेत आपल्यापाशी?"

"सहा!"

"बस झाले."

मग खो मिळून शुभम गेला, त्याने सांगितलं, पुन्हा अश्विनी आली. बोलणं एकदाही तुटलं नाही. दारात मास्तर, शिपाई, आबासाहेबांचा ड्रायव्हर सगळे जमले. "लाल निंघाला, आबा! हिरीच्या पलीकडून! लय हायेत! धुऱ्याच्या तोंडाशी आले! पहिला आला... पडला! दुसरा आला... पडला!"

"हान त्याले!" आबासाहेब ओरडले आणि ताडकन उभे राहून मागे वळले. त्यांचा हात माऊसवर पडणार, इतक्यात शिट्टी वाजली. अशी की कानठळ्या बसाव्यात.

"फाऊल! खो भेटला नाही! बसा खाली!"

हे हिवाळे सर होते. शब्द तोंडातून निघून गेल्यावर त्यांना कळलं आपण कुणाला बसा म्हणालो ते. आबासाहेबांना आजवर भर सभेत कुणी "बसा खाली" म्हटलं नसावं.

आबासाहेब हळूच मागे सरकले. हाताने खुर्ची चाचपली. आणि बसले. पाठमोरे. मग लहान मुलासारख्या आवाजात म्हणाले, "मंग दे ना पोरी लवकर खो!"

अश्विनी स्टुलावरून उठली, त्यांच्या मागे गेली, क्षणभर घुटमळली, आणि त्या रेशमी झब्ब्याच्या पाठीवर तिने फाटकन हात मारला. "खो!"

तेवढ्या वेळात लालने आमचं घर जाळलं होतं. तो डाव आम्ही हरलो. आबासाहेबांना पडद्याकडे न बघता माऊस धरून काही करताही आलं नसतं. पण ते स्टुलावर बसून, मान वर छताकडे करून, हातातला माऊस चाचपत होते आणि हसत होते. "हेच का थे? एवढंसं हाये बे!" मग मोठ्या सरांकडे वळून म्हणाले, "आमच्या मीटिंगमधी डोये असणारे लोकं एवढं साफ सांगत नाहीत. खोली राहू द्या." ड्रायव्हरने बाहेर तीनदा हॉर्न दिला तरी ते आणखी एक डाव खेळूनच उठले.

तांदळाची पोती त्या वर्षी मोठ्या सरांच्या खोलीत लागली. ते पोत्यांच्या आडून पाहुण्यांशी बोलत. दिवाळीनंतर पाचवीला खो मिळाला. पहिल्या दिवशी सरांनी त्या मुलांना एकेक करून नुसता माऊस हातात धरायला लावला आणि स्वतः दाराशी उभे राहून प्रत्येकाकडे बघत होते.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. वडील भाजीपाला पिकवतात, आई तो बाजारात विकते. निकालाच्या दिवशी आईने पेढे आणले, पण गावाला बातमी कळली ती सरांमुळे. ते आमच्या अंगणात येऊन उभे राहिले, अर्थातच उभे, आणि त्यांनी लांबलचक शिट्टी मारली. वडिलांना वाटलं गाडी आली. नोकरीच्या मुलाखतीत मला समोरच्या बाईंनी एक काम दिलं आणि "करताना बोलत राहा" म्हणाल्या. बाकीच्या उमेदवारांना तेच अवघड गेलं, असं नंतर कळलं. मला तेवढंच येत होतं. अश्विनी आता शेगावला एका मोठ्या लॉजच्या काउंटरवर असते. गर्दीच्या दिवशी तिचा आवाज रस्त्यापर्यंत येतो.

या दिवाळीत गावी गेले होते. सरांना निवृत्त होऊन काही वर्षं झाली आहेत. सुटी लागायचा आदला दिवस होता, मी त्यांना भेटायला गेले, तर म्हणाले, "चाल, शायेत जाऊ. नवीन खोली पाह्यली का?" केस पांढरे झालेत, बूट तसेच. चालताना गुडघा धरतो, पण वाटेत पारावर कुणी "बसा सर" म्हटलं तर हात हलवून पुढे.

नवी खोली खरंच सुंदर होती. खाली फरशी, खिडक्यांना पडदे, आणि प्रत्येक मुलापुढे एक लॅपटॉप. शिकवणाऱ्या मॅडम तरुण आणि लाघवी. मुलं आपापल्या पडद्याकडे बघत काम करत होती. कुणी बोलत नव्हतं. सर दारात बराच वेळ उभे राहिले.

"छान हाये," ते म्हणाले. मग माझ्याकडे वाकून हळूच, "पण सगयेच उठेल हायेत. खोची वाट पाहत बसलेला कोणीच नाही."

तो खेळ माझ्या पेन ड्राइव्हवर होता. मॅडमना विचारलं, त्या हसून हो म्हणाल्या. एका लॅपटॉपला माऊस जोडला. सरांनी सहावीतल्या मुलींना खेळ समजावला आणि रांग कशी बसवायची ते दाखवलं, एक इकडे तोंड, एक तिकडे. पण पुढे आलेल्या मुली तीनच होत्या. बाकीच्या लाजून मागे सरकल्या.

"सर, एक कमी हाये," त्यातली दोन वेण्यांची एक धीट मुलगी म्हणाली. "तुमी बसा."

"पंच बसत नसते."

"मंग पंच या ताईले करा ना!"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ते हसून सोडून देतील. त्यांनी मान खाली घातली, काळी नाडी डोक्यावरून काढली आणि शिट्टी माझ्या हातात ठेवली. मग भिंतीचा आधार घेत, गुडघ्यावर हात ठेवत, हळूहळू, ते रांगेतल्या शेवटच्या जागेवर खाली बसले. पाठमोरे.

मी शिट्टी मारली. दोन वेण्यांच्या मुलीने माऊस धरला आणि बोलू लागली. "पाच माणसं हायेत. झाडी उजवीकडे. वावर करून राह्यली. धुरा सोडू का सर?" "सोड," सर भिंतीकडे बघत म्हणाले. पाठ ताठ, हनुवटी वर, दोन्ही टाचा जमिनीवरून उचललेल्या. कान इतके लावलेले की दारातून कुणी हाक मारली असती तरी कळली नसती. "एक रिकामा हाये. भालेवाले तीन. सर, लाल! लाल आला! धुऱ्यावरून!"

ती उठली. वळली. धावत सरांच्या मागे आली, हात उचलला. पण तो पाठीवर पडायच्या आधीच सर उठले होते आणि त्यांनी माऊसकडे दोन पावलं टाकलीही होती, गुडघ्याला न विचारता.

मुलगी हात तसाच हवेत धरून उभी राहिली. मग तिने आणि सगळ्या वर्गाने माझ्याकडे पाहिलं. सरही थांबले. त्यांनीही पाहिलं.

मी शिट्टी मारली. "फाऊल."

मी फाऊल देऊन काही चूक केली असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं. लाल आमच्या घरात शिरत होता. सर मुकाट्याने परत फिरले, आपल्या जागेवर जाऊन खाली बसले, पाठ ताठ केली, टाचा उचलल्या आणि भिंतीकडे तोंड करून खोची वाट पाहू लागले.